धागा: चौघांची तुकडी – रिपब्लिक कमांडो अजून कोण खेळतंय काय?

शहापूरचा_हातमाग
शुक्रवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं झाली हिथं नुसतं वाचूलोय, आज पहिल्यांदा धागा काढूलोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय रिपब्लिक कमांडो. २००५ चा लुकासआर्ट्सचा गेम. दुनिया स्टार वॉर्सची, पण ह्यात प्रकाशाची तलवार फिरवणारा हिरो आपण नाही, आपण साधा शिपाई. क्लोन कमांडोंची चौघांची तुकडी, नाव डेल्टा. आपण बॉस, नंबर ३८, आणि सोबत फिक्सर, स्कॉर्च, सेव्ह हे तिघं, त्यांना कॉम्प्युटर चालवतो. क्लोन असल्यामुळं तिघं एकाच साच्यातले, पण चिलखतावरचे पट्टे वेगळे, फिक्सर हिरवा, स्कॉर्च पिवळा, सेव्ह लाल. आणि बोलणं तर इतकं वेगळं की पट्टा न बघता नुसत्या आवाजावरनं कळतंय कोण बोलला.

मी हा २००७ साली बघितला, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. बेळगावात आरपीडी क्रॉसपासनं आत एका गल्लीत कॅफे होता, आठ पीसी, तासाला २० रुपये. सात पीसींवर हा गेम चालूच व्हायचा नाही, कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर चालायचा, का ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही चौघं दोस्त आणि पैसे एका मशीनपुरते, त्यामुळं खुर्चीवर एक आणि मागं तिघं उभे. खुर्चीवरचा बॉस. मागचे तिघं ओरडणार, दाराला बॉम्ब लावायला सांग, सेव्हला त्या खांबामागं बसव, डावीकडं बघ की बे. दर पंधरा मिनिटांनी बॉस बदलायचा. आता त्यातला एक पुण्यात, एक बेंगळुरात, एक मस्कतला. मी हिथंच, घरचा माग आणि पुढच्या खोलीत लहान दुकान.

मागच्या महिन्यात लॅपटॉप घेतला आणि पहिला हाच गेम टाकला. भाचा आठवीला, मोबाईलवर बॅटल रॉयल खेळणारा. थोडा वेळ शेजारी बसून बघितला आणि म्हणाला, मामा हे तिघं तर बॉट हाईत, बॉटांसंगं खेळून काय मजा. मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासनं डोक्यात तेच चाललंय, कारण त्या तिघांबद्दल मला जे वाटतंय ते ऑनलाईन भेटलेल्या कुठल्याच पोरांबद्दल कधी वाटलं नाही.

तर प्रश्न असा. बाजूला तीन जण बंदूक घेऊन पळूलेत म्हणून ती तुकडी होत नाही. मग कशानं होते? तुम्हाला कुठल्या गेममध्ये तसं वाटलं?

आणि दुसरं, नवीन लॅपटॉपवर गेम सारखा अडकत अडकत चालतोय. विंडोज ११ आहे. उपाय असला तर सांगा.

कुंदा_पाव_किलो
रात्री १०.५१

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. सेटिंगमध्ये जाऊन बंप मॅपिंग (भिंती-चिलखतं खडबडीत दाखवायची सोय) 'लो' कर. पळतंय बघ.

रामदेव_गल्ली_रिपेअर
रात्री ११.०८

कुंदांनी सांगितलं ते बरोबर आहे. नवीन कार्डांवर बंप मॅपिंग वर ठेवलं की हा गेम रखडतो, लो केलं की सरळ. दुसरं म्हणजे हा चौकोनी मॉनिटरच्या जमान्यातला गेम आहे, आताच्या रुंद स्क्रीनसाठी चाहत्यांनी केलेला वाइडस्क्रीन फिक्स हुडकून टाका, नाहीतर सगळे शिपाई आडवे पसरलेले दिसतात.

आणि तुमच्या कॅफेचं कोडं मी इथं बसून सोडवतो. ह्या गेमला पिक्सेल शेडर, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग-उजेड ठरवायची सोय, असलेलं ग्राफिक्स कार्ड लागतं. त्या काळात माझ्या हाताखालनं गेलेल्या कितीतरी मशीनमध्ये जीफोर्स ४ एमएक्स ४४० असायचं, नावात ४ होतं पण आत पिक्सेल शेडर नव्हता. त्याच्या आधीच्या जीफोर्स ३ मध्ये मात्र होता. म्हणजे कोपऱ्यातल्या मशीनमध्ये कदाचित जुनंच कार्ड असेल आणि म्हणूनच गेम चालला असेल. पोरं मशीन घेऊन यायची आणि विचारायची, अण्णा रॅम वाढवली तर चालंल काय. नाही रे बाबा, रॅमचा संबंधच नाही, असं सांगून थकायचो.

निपाणी_नाका
रात्री ११.३०

भावा राग मानू नको पण तुझा भाचा बरोबर बोलतोय. बॉटला भीती नसती. ज्याला भीती नाही तो तुझ्यासाठी जीव धोक्यात घालतोय ह्याला काय अर्थ राहिला सांग.

मी हेलडायव्हर्स २ खेळतोय, फेब्रुवारी २०२४ ला आला तेव्हापासनं. त्यात पण चौघंच. आमची टीम म्हणजे आम्ही दोघं निपाणीचे, एक कागलचा, एक इचलकरंजीचा. त्या गेमची खरी गंमत म्हणजे आपली गोळी आपल्या माणसाला लागते, बंद करायची सोयच नाही. म्हणजे ट्रिगर दाबायच्या आधी माझा माणूस कुठं हाय हे डोक्यात पाहिजेच. आणि मदत मागवायची तर नुसतं एक बटण नाही, बाणांचा कोड मारावा लागतो. मेलेल्या गड्याला परत बोलवायचं म्हणजे वर, खाली, उजवं, डावं, वर. घरात बसून सोपं वाटतंय, पण समोरनं किड्यांची लाट आलेली असताना आणि गडी ओरडत असताना तीच पाच बटणं चुकत्यात. लई वेळा चुकल्यात. चौघांना मिळून २० वेळाच परत येता येतं, एकानं मूर्खपणा केला की सगळ्यांच्या हिश्श्यातनं जातंय.

एकदा जहाज न्यायला आलेलं, आम्ही तिघं आत पोचलो आणि इचलकरंजीचा मागं राहिला. त्यानं पळायचा प्रयत्नच केला नाही, स्वतःच्या पायापाशी हवाई हल्ला मागवला आणि आमच्या मागं लागलेली सगळी झुंड घेऊन गेला. माईकवर एवढंच म्हणाला, जावा तुम्ही. आता हे बॉट करंल काय? आणि केलं तरी तुला काय वाटंल?

जांबोटी_घाट
शनिवार, सकाळी ६.१५

मी गेम खेळत नाही. मुलगा खेळतो, त्याने रात्री हा धागा दाखवला. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. आपल्या बेळगावातच इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंग आहे आणि कमांडो कोर्स तिथेच होतो, तेव्हा कमांडोंच्या खेळावर इथल्या मुलांनी बोलावं हे मला आवडलं.

मुलाने मला तो खेळ अर्धा तास चालवून दाखवला. दाराचं काम चांगलं दाखवलं आहे. एकजण चार्ज लावतो, बाकीचे दोन्ही बाजूंना, आणि उडाल्याबरोबर आत. पण खोलीत शिरल्यावर तिघे एकमेकांच्या फार जवळ उभे राहतात. एका ग्रेनेडमध्ये तिघे जातील.

आमचं सेक्शन १० जणांचं. पहिल्या दिवसापासून शिकवतात ते फायर अँड मूव्ह. एक गट गोळीबार करून शत्रूचं डोकं खाली ठेवतो तेव्हाच दुसरा गट पुढे सरकतो, मग अदलाबदल. दोन्ही गट एकाच वेळी कधीही हलत नाहीत. प्रत्येकाला बघायचा आपला आपला भाग वाटून दिलेला असतो. समोर कितीही गडबड होऊ दे, ज्याला मागचा भाग दिला आहे त्याने मागेच बघायचं. सगळ्यात अवघड काम ते आहे, कारण आवाज पुढून येत असतो आणि मान आपोआप वळते. आणि पुढच्यांनी एकदाही वळून बघायचं नाही, तो बघतोय हे धरून चालायचं.

शहापूरकरांनी आवाजावरून माणूस ओळखायचं लिहिलं आहे. रात्रीच्या मार्चला अंधारात बोलायची मनाई असायची. पुढे कोण चालतोय ते बुटाच्या आवाजावरून आणि पाठीवरच्या सामानाच्या हालचालीवरून कळायचं. कुणी पाय ओढत असला तर न विचारता मागचा त्याचं वजन थोडं आपल्याकडे घ्यायचा. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

शहापूरचा_हातमाग
सकाळी ९.०५

काका, तुम्ही लिहिलंत, लई बरं वाटलं. मागं बघणाऱ्याचं जे सांगितलंत ते मी दोनदा वाचलं.

@निपाणी, राग कसला. तुझ्या इचलकरंजीकराला माझा नमस्कार सांग.

@रामदेव गल्ली, १८ वर्षांनी कळालं कोपऱ्यातलंच मशीन का. आज रात्री सेटिंग बदलून बघतो.

दुसरं_रेल्वे_गेट
सकाळी ११.२०

मी टिळकवाडीची, सध्या बेंगळुरूत नोकरी. हाच गेम मी स्विचवर खेळले, २०२१ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅस्पायरनं स्विच आणि पीएस४ साठी परत काढला तेव्हा. त्यात मल्टिप्लेअर काढून टाकलाय, फक्त कथा आहे. त्यातला बराचसा राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर खेळलाय, घरी येता-जाता.

मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्या गेममध्येच आहे, आणि ते दुसऱ्या भागात आहे. पहिल्या भागात जिओनोसिसवर आपण एकटे उतरतो आणि एकेक करून तिघं येऊन मिळतात. प्रत्येक जण आल्यावर लढाई थोडी सोपी होते. दार फोडायचं असो, दुरून नेम धरायला कुणाला बसवायचं असो, कॉम्प्युटर हॅक करायचा असो, नुसतं त्या जागेकडं बघून एक बटण दाबायचं, कोणीतरी ‘हो’ म्हणून निघतो. आपण जखमी होऊन पडलो तरी तिथूनच हाक मारता येते आणि एकजण येऊन उठवतो. आठवडाभरात ह्याची इतकी सवय लागते की ते आहेत हे आपण विसरतोच.

मग दुसरा भाग सुरू होतो, अंतराळात भरकटलेलं ते आपलंच जहाज, प्रॉसिक्युटर. चौघं वेगवेगळ्या ठिकाणाहून आत शिरतात आणि रेडिओ बंद पडतो. मी एकटी. अंधारे कॉरिडॉर, दिवे लुकलुकताहेत, लांबून धातूचा आवाज. पहिलं दार आलं, मी सवयीनं बटण दाबलं आणि कोणीच ‘हो’ म्हणालं नाही. तेव्हा मला ट्रेनमध्ये अंगावर काटा आला. तोपर्यंत मी पण त्यांना बॉटच समजत होते. बऱ्याच वेळानं पहिला सापडला तेव्हा मी हेडफोन काढून दोन मिनिटं बाहेर बघत बसले, लोंढ्याच्या आसपास असेल, पाऊस चालू होता.

@निपाणी_नाका, तुमचा मुद्दा मान्य, बॉटला भीती नाही. पण मला होती, आणि ती त्यांच्यासाठी होती. गेमनं ती माझ्यात तयार केली.

कुंदा_पाव_किलो
सकाळी ११.४१

अक्का, लोंढ्याला पाऊस नसला तरच लिहायचं.

बाकी व्हायजरचं कोणी लिहिलंच नाही. सगळा गेम हेल्मेटच्या आतनं दिसतो, काचेवर किड्यांचं रक्त उडतंय आणि मग एक निळसर पट्टी वायपरसारखी फिरून काच पुसती. पहिल्यांदा बघितल्यावर मी मुद्दाम जवळ जाऊन मारायचो, काच पुसलेली बघायला.

चिकोडी_रोड
दुपारी १.३५

आमच्या टीमचं सांगतो, थोडं वेगळं आहे. आम्ही चौघं, दोन कन्नड घरातले, दोन मराठी. एकच शाळा, एकच गल्ली, त्यामुळं बोलताना कुठली भाषा कधी येईल नेम नाही. आम्ही पण हेलडायव्हर्स.

सुरुवातीला माईकवर नुसता गोंधळ. सगळ्यात मोठा घोळ ‘मागं’ ह्या शब्दाचा. मी ओरडलो ‘मागं!’ म्हणजे माझ्या डोक्यात होतं मागं शत्रू आलाय, बघ. एकजण वळून बघायला लागला, दुसऱ्याला वाटलं मागं सरकायला सांगतोय, तो सरकला आणि थेट रोबोटांच्या पुढ्यात गेला. असं तीन-चार वेळा झालं. भांडणं झाली. मग एका रात्री बसून ठरवलं. ‘हिंद’ म्हणजे फक्त मागं शत्रू आहे, मान वळव. कन्नडात हिंद म्हणजे मागं. आणि ‘मागं’ म्हणजे फक्त पाय मागं घे, सगळ्यांनी. ‘निंदर’ म्हणजे आहे तिथं थांब, गोळी पण मारू नको. ‘वाक’ म्हणजे मी तुझ्या डोक्यावरनं गोळी मारूलोय. ‘बा’ म्हणजे माझ्यापाशी ये. पाच शब्द, दोन भाषा, बाकी लढाईत कोणी कायबी बोलायचं नाही. त्या दिवसापासनं आमची टीम सुधारली, आणि खरं सांगतो, त्या दिवसापासनंच ती टीम झाली.

मधे एकदा पुण्याचा एकजण पाहुणा खेळाडू म्हणून आला होता, त्याला सांगायचं राहिलं. आमच्यातल्या एकानं माईकवर ‘हिंद!’ म्हटलं आणि तो म्हणाला ‘जय हिंद!’ आणि तिथंच मेला. चौघंही पाच मिनिटं हसत होतो, सगळेच मेलो.

आता रिपब्लिक कमांडो बघितला तर त्यात पण तेवढंच आहे की, सगळ्या तुकडीला द्यायचे हुकूम चारच. माझ्याभोवती या, हुडकून मारा, ही जागा धरा, आणि सांगितलेलं रद्द. त्याच्यापेक्षा जास्त शब्द लढाईत लागत नाहीत.

जांबोटी_घाट
दुपारी २.१०

चिकोडीचा मुलगा शंभर टक्के बरोबर बोलला. एका शब्दाचा एकच अर्थ. आणि जय हिंद वाचून मी पण हसलो.

निपाणी_नाका
दुपारी २.२५

हे ‘हिंद’ आम्ही आजच उचलतोय, आमच्यात पण ‘मागं’चा हाच राडा हाय. कागलच्याला कन्नड येत नाही पण एक शब्द शिकंल की.

दूधगंगा_काठ
सायंकाळी ६.५०

सगळ्यांचं वाचूलोय. आमच्याकडचा एक अनुभव.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा यमगर्णीजवळ हायवेवर वेदगंगेचं पाणी, पुणे-बेंगळुरू रस्ताच बंद. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं, पण लाईट नाही, नेट नाही, मोबाईलला रेंज नाही. वाड्यात खालच्या आळीतली चार कुटुंबं राहायला आलेली. शेजारच्या जनरेटरवर संध्याकाळी दोन तास सगळ्यांचे फोन आणि माझा लॅपटॉप चार्ज व्हायचा. नेटच नाही म्हटल्यावर तुमचे ऑनलाईन दोस्त कुठनं आणणार? लॅपटॉपवर मास इफेक्ट २ होता, २०१० चा, बायोवेअरचा. त्यात पण तुकडी असते, लढाईत आपल्यासोबत दोघं, लढाई थांबवून त्यांना सांगता येतं कुठं जा, कुठली शक्ती वापर.

खालच्या आळीतली पोरं रात्री भोवती बसायची. आणि त्या गेमचा शेवट असा आहे की शत्रूच्या तळावर शिरताना प्रत्येक कामाला माणूस आपण निवडायचा. पाईपातनं कोण जाणार, दुसऱ्या गटाचं नेतृत्व कोण करणार, सुटका केलेल्या लोकांना जहाजापर्यंत कोण पोचवणार. चुकीचा माणूस दिला तर कोणीतरी मरतं, कायमचं. आधी ज्याच्याशी बोलून त्याचं घरचं काम निस्तरून दिलेलं असतं तो जास्त टिकतो. पोरांनी अर्धी रात्र त्यावर चर्चा केली, कोणाला पाठवायचं. बाहेर मोठी माणसं पण तेच करत होती, नावेतनं कोण जाणार, म्हशी सोडवायला कोण, म्हाताऱ्या माणसांना कोण आणणार. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी होती, ती म्हणाली, ज्याला पोहायला येतंय त्याला पाईपात पाठवा. पाईपात पाणी नव्हतं ओ. पण तिनं दिवसभर तेच ऐकलं होतं.

आम्ही निवडलेली सगळी माणसं जिवंत परत आली. पोरांनी असा दंगा केला की आजी उठून आली, तिला वाटलं पाणी चढलं.

म्हणून बॉट की माणूस ह्या वादात मला पडायचं नाही. त्या रात्री लॅपटॉपसमोर नऊ पोरं होती आणि प्रत्येकाला पडद्यावरच्या त्या माणसांची काळजी होती.

दुसरं_रेल्वे_गेट
सायंकाळी ७.३०

हे वाचून काय लिहावं कळत नाही. त्या मुलीचं वाक्य लक्षात राहील.

एक फरक मात्र सांगते, मास इफेक्टमध्ये कामाप्रमाणं माणूस निवडावा लागतो. रिपब्लिक कमांडोमध्ये फिक्सर हॅकिंगवाला, स्कॉर्च स्फोटकवाला, सेव्ह नेमबाज असं सांगतात खरं, पण कोणालाही कुठलंही काम लावता येतं आणि तो करतो. आधी मला हा दोष वाटायचा. आता वाटत नाही. जवळ जो आहे तो करतो, हेच बरं.

रामदेव_गल्ली_रिपेअर
रात्री ८.०२

दोष आहे तो दोषच आहे अक्का. माणूस तीन असतील तर तिघांचा उपयोग वेगळा पाहिजे, नाहीतर तिघांचे तीन रंग कशाला दिलेत. मला तर ह्या बाबतीत तो गेम अर्धाच वाटतो. शिवाय फार लहान, दोन-तीन रात्रीत संपतो.

कुंदा_पाव_किलो
रात्री ८.१५

लहान आहे म्हणूनच दर पावसाळ्यात एकदा होतो. मोठे गेम माझे सगळे अर्धवट पडलेत.

शहापूरचा_हातमाग
मंगळवार, रात्री ११.५५

(शेवट सांगूलोय. ज्यांना खेळायचाय त्यांनी हा प्रतिसाद सोडा.)

बंप मॅपिंग लो केलं, वाइडस्क्रीन फिक्स टाकला, लोण्यासारखा चालला. रामदेव गल्ली आणि कुंदा, दोघांचे आभार.

भाच्याला म्हटलं, तू खेळ, मी मागं उभा राहतो. शनिवारपासनं रोज दोन तास. पहिल्या दिवशी तो एकटाच पुढं पळायचा, मोबाईलवरची सवय, तिघं मागं राहायचे आणि हा मरायचा. मी काय बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जहाजाचा भाग आला, अक्कांनी लिहिलेला. रेडिओ बंद पडला तसा खुर्चीवर सरळ बसला. दारापाशी आला, बटण दाबलं, परत दाबलं, आणि माझ्याकडं वळून बघितलं. मी म्हटलं नाही येणार कोण, तूच कर. तिघं परत मिळाल्यावर त्यानं पळायचं बंद केलं. दारापाशी थांबायला लागला, एकाला मागं बसवायला लागला. काकांनी लिहिलेलं मी त्याला वाचून दाखवलं होतं.

आज शेवट झाला. काशीक ग्रह, वुकींचं गाव, मोठमोठी झाडं. शेवटी चौघं चार तोफांवर जातात, वरचं मोठं जहाज पाडायला. जहाज पडतं. भाचा उभा राहून ओरडला. आणि मग रेडिओवर सेव्हचा आवाज, त्याच्यावर हल्ला झालाय, आणि आवाज मधेच तुटतो. वरनं हुकूम येतो, परत या. बाकीचे जायला तयार नाहीत, तरी हुकूम तोच. आणि गेम संपतो. सेव्ह तिथंच.

भाचा म्हणाला, मामा परत फिर की. मी म्हटलं आता आपल्या हातात नाही. त्यानं माउस हलवून बघितला, सगळी बटणं दाबून बघितली. नावं वर सरकायला लागली तरी दाबत होता. जेवताना एक शब्द बोलला नाही. आता झोपायच्या आधी येऊन विचारून गेला, मामा, आपण सेव्हला दुसऱ्या तोफेवर लावलं असतं तर?

मी त्याला खरं सांगितलं नाही की गेममध्ये ते बदलताच येत नाही. सांगायला पाहिजे होतं काय?

जांबोटी_घाट
बुधवार, सकाळी ५.५०

नका सांगू. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी पण एकाबद्दल विचारतो. पंचवीस वर्षं झाली.

दूधगंगा_काठ
सकाळी ७.४०

काका, नमस्कार तुम्हाला.

निपाणी_नाका
सकाळी ९.१२

शहापूर भावा, मी शुक्रवारी जे लिहिलं, बॉटचं, ते माझ्याकडनं मागं. पाय मागं, मान नाही.

भाच्याला एकटं ठेवू नको. आमच्यासंगं आणा. हेलडायव्हर्स आठवीच्या पोराला नको, रक्त-हातपाय लई उडत्यात त्यात. डीप रॉक गॅलॅक्टिक बघा, डेन्मार्कचा गेम, २०२० ला पूर्ण आला. परग्रहावरच्या खाणीत उतरणारे चार बुटके, एक ड्रिलवाला, एक इंजिनिअर, एक मोठ्या बंदुकीचा, एक टेहळणीवाला. साध्या लॅपटॉपवर चालतो. आणि रामदेव गल्ली, ह्यात प्रत्येकाचं काम खरंच वेगळं हाय. ड्रिलवाला बोगदा पाडतो, इंजिनिअर भिंतीवर पाय ठेवायला जागा करतो, टेहळणीवाला दिवा टाकतो, त्याच्याशिवाय सगळा काळोख.

रामदेव_गल्ली_रिपेअर
सकाळी ९.४०

माझ्याकडं आहे. मी ड्रिलवाला.

चिकोडी_रोड
सकाळी १०.०३

मी मोठी बंदूक. शनिवारी रात्री ९ ला जमतंय काय सगळ्यांना? शब्द आमचेच वापरायचे, भाच्याला पाठ करायला सांगा. हिंद, मागं, निंदर, वाक, बा.

शहापूरचा_हातमाग
दुपारी १२.३०

जमतंय. शाळेला जाताना सांगितलं तर पाचही शब्द रिक्षात बसेपर्यंत पाठ केले. त्याला दिवा टाकणारा व्हायचंय. खुर्चीवर तो बसणार, मी मागं उभा. म्हणजे अजून एकाची जागा रिकामी आहे, इंजिनिअरची.

हा धागा मी काल रात्री आमच्या तिघांना पाठवला होता, कॅफेवाल्या. पुणेकराला शनिवारी ड्युटी आहे. बेंगळुरूकरानं अजून बघितलेला नाही.

कोपऱ्यातलं_मशीन
दुपारी ३.१८

आजच खातं उघडलं. मस्कतहून लिहितोय. सगळा धागा कामावर बसून वाचला, वरनं खालपर्यंत.

तू लिहिलास दर पंधरा मिनिटांनी बॉस बदलायचा. माझी पाळी आली की तू मला वीस मिनिटं द्यायचास आणि बाकीच्यांना सांगायचास घड्याळ पुढं आहे. माझ्याकडं वाटणीचे पाच रुपये नसायचे म्हणून मी बसायला लाजायचो, हे तुला कळत होतं हे मला लई उशिरा कळलं.

तुमचे ९ म्हणजे माझे साडेसात. शनिवारी हिकडं सुट्टी असते. गेम आत्ता उतरवायला लावलाय. इंजिनिअर मी.

भाच्याला सांग पुढं बघून चाल म्हणावं. हिंद मी बघतो.